बालाघाटाच्या माथ्यावरची वाडी : पाणी जूनपर्यंत पुरवायचं तर आधी कुठल्या कामाला हात घालावा?

खडकाळीवाला | ४ एप्रिल, सकाळी ७:४०

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, पार माथ्यावर, ४५ उंबऱ्यांची वाडी. पावसाळ्यात माणसं २३० च्या आसपास. दिवाळीनंतर कोयते (ऊसतोडीला जाणारे मजूर) गेले की उरतात ११०, त्यात म्हातारी माणसं आणि पोरंच जास्त. प्यायला एकच सार्वजनिक विहीर, २० फूट व्यासाची, ४५ फूट खोल, माथ्याच्या कडेला. संक्रांतीनंतर तिचं पाणी झपाट्यानं उतरतं आणि मार्चमध्ये तळ दिसतो. दोन बोअर आहेत. एक कोरडं, दुसऱ्याचा हातपंप फेब्रुवारीपर्यंत चालतो.

मांजरा आपल्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, सिंदफणाही इथलीच. दोन्ही नद्यांचं पाणी खाली धरणांत जातं आणि उन्हाळ्यात टँकर घाट चढून वर येतो. याचं वाईट वाटतं, म्हणून हा धागा. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे आणि रोजगार हमीचं काम मागता येईल. गावात तीन मतं आहेत : विहीर अजून खोल करा, नवं बोअर घ्या, नाहीतर घरोघरी टाक्या बांधा. जाणकारांनी हिशेबासकट सांगावं.

---

मुरूमपारखी | ४ एप्रिल, सकाळी ९:०५

खोदायच्या आधी खडक समजून घ्या. आपला सगळा बालाघाट बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेले. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक पाणी धरतो. त्याखालचा अखंड काळा पाषाण कोरडाठाक असतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो. त्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं.

तुमची विहीर कडेला आहे, दुखणं तिथंच आहे. कडेच्या विहिरीत पाणी एका बाजूनं येतं आणि दरीकडच्या भेगांतून निघून जातं. ४५ फुटांवर अखंड पाषाण लागला असेल तर अजून १५ फूट सुरुंग लावून फक्त हौद मोठा होईल, झरा वाढणार नाही. तळाचा खडक कसा आहे ते आधी कळवा. पहारीचा ठोका खणखणीत वाजतो की बद्द?

---

गोदाकाठ | ४ एप्रिल, सकाळी ९:३०

बोअर घ्या आणि मोकळे व्हा. ६०० फुटांवर कुठेतरी लागेलच.

---

मुरूमपारखी | ४ एप्रिल, सकाळी १०:१५

गोदाकाठ, तुमच्याकडे नदीच्या गाळात लागत असेल. माथ्यावर ६०० फूट जाणं म्हणजे थरामागून थर पार करत डोंगराच्या पायथ्याची पातळी गाठणं. लागलंच तर जुनं साठलेलं पाणी लागतं, एकदोन वर्षं उपसलं की संपतं. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्याचे निर्बंध आहेत आणि ६० मीटरपेक्षा खोल विंधन कायद्यानं नियंत्रित आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. ग्रामपंचायतीचा अर्ज देऊन भूवैज्ञानिकाची पाहणी मागा, नारळ आणि काटकी घेऊन पाणी दाखवणाऱ्यांवर पैसे घालू नका.

---

कोयताबंद | ४ एप्रिल, दुपारी १:२०

आधी गरज मोजा, मग विहीर. टंचाईत माणशी २० लिटर धरतात. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात सरासरी ४५ (म्हशीला जास्तच), शेळीला ५.

दिवाळी ते मार्च : ११० माणसं म्हणजे २,२०० लिटर. मागं राहिलेली ३० मोठी जनावरं म्हणजे १,३५०. दीडशे शेळ्या म्हणजे ७५०. रोजचे ४,३०० लिटर.

कोयते परतल्यावर : २३० माणसं म्हणजे ४,६००. बैलगाडीवर गेलेल्यांचे बैल परत आले की मोठी जनावरं ६०, म्हणजे २,७००. शेळ्या ७५०. रोजचे ८,०५० लिटर.

म्हणजे विहीर सगळ्यात रिकामी असते तेव्हाच वाडीची गरज दुप्पट होते. टँकरचा प्रस्ताव करणारे बऱ्याचदा हिवाळ्यातली माणसं धरतात आणि एप्रिलमध्ये खेपा कमी पडतात. प्रस्तावात परतणाऱ्या माणसांची यादी जोडा. ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्र ग्रामसेवकाकडे होतं, तीच यादी इथं कामाला येते.

---

पांढरीची_लेक | ४ एप्रिल, दुपारी ३:००

कोयताबंद दादांचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा असा आहे. त्यात एक भर. हे २० लिटर डोक्यावरून येतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पाच जणांच्या घराला रोज सात खेपा. विहीर अर्धा किलोमीटर लांब असेल तर येऊन-जाऊन सात किलोमीटरची चाल, त्यातली निम्मी भरल्या हंड्यानं. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया आणि दहाबारा वर्षांच्या पोरी हे पाणी भरतात. म्हणून माझं मत घराजवळच्या टाकीला. निदान प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी दारात असावं.

---

पन्हळ | ४ एप्रिल, सायंकाळी ६:४५

ताईंच्या मताला आकडे देतो. पाच माणसांच्या घराला फक्त प्यायला आणि रांधायला रोज ४० लिटर. नोव्हेंबर ते मृगाचा पाऊस म्हणजे साधारण २२० दिवस, मिळून ८,८०० लिटर. टाकी १०,००० लिटरची हवी.

छपराचं पाणी पुरतं का? पत्र्याचं छप्पर २८ चौरस मीटर (सुमारे ३०० चौरस फूट), वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर, वाया जाणारं सोडून ८० टक्के हाती येतं असं धरू : २८ × ०.६ × ०.८ = १३.४ घनमीटर, म्हणजे १३,४०० लिटर. टाकी भरून वाहील. दुष्काळी वर्षी ३०० मिलिमीटर झाला तरी ६,७०० लिटर, म्हणजे साडेपाच महिन्यांचं पाणी.

टाकी फेरोसिमेंटची करा. आतला व्यास अडीच मीटर, उंची दोन मीटर, म्हणजे ९.८ घनमीटर. वेल्डमेशचा सांगाडा, आतून-बाहेरून कोंबडी जाळी, तारेनं वीतवीतभर अंतरावर आवळलेली. सिमेंट एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. भिंत साडेतीन-चार सेंटिमीटर. जाळी कुठेही उघडी राहता कामा नये, तिथूनच गंज धरतो. गिलावा झाल्यावर ओल्या गोणपाटाखाली किमान १४ दिवस पाणी मारायचं. टाक्या फुटायचं सगळ्यात मोठं कारण हेच : गवंडी चौथ्या दिवशी दुसऱ्या कामावर जातो आणि पाणी मारायला पाणीच नसतं. म्हणून बांधकाम जानेवारीच्या आत उरका, विहिरीत पाणी असताना. टाकी कधीही पूर्ण कोरडी ठेवू नका, तळाला थोडं पाणी राहू द्या, नाहीतर एप्रिलच्या उन्हात तडे जातात.

---

तात्या_धारूरकर | ४ एप्रिल, रात्री ८:१०

सगळ्यांच्या घरांवर पत्रे हायेत का? माथ्यावर अजून माळवदं (मातीच्या सपाट छताची घरं) लई हायेत. त्याचं पाणी टाकीत घेता येतंय का?

---

पांढरीची_लेक | ४ एप्रिल, रात्री ९:००

तात्या, माळवदाचं पाणी प्यायला चालत नाही. वर फूट-दीड फूट पांढरी माती असते, पन्हळीतून येणारं पाणी गढूळच येणार. धुण्याभांड्याला किंवा गोठ्याला वेगळ्या हौदात घेता येईल.

माळवद मोडून पत्रे घालायची घाई मात्र कुणी करू नये. तुळया, त्यावर किलच (लाकडाच्या फळ्या-काटक्या), त्यावर पाला नाहीतर तुरीच्या काड्या, मग चिखल आणि वर पांढरी. एवढ्या थरांमुळे मे महिन्यातही घर गार राहतं. ती गळतात ती तीन कारणांनी : वर उगवलेलं गवत तसंच राहिलं की मुळांच्या वाटेनं पाणी उतरतं, पन्हळीकडचा उतार बसून खळगा होतो, किंवा पांढरी संपली म्हणून कुणी शेतातली काळी माती टाकतं. काळी माती उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसात धार लागते. रोहिणीत गवत मुळासकट काढा, चार बोटं नवी पांढरी टाका, पाणी शिंपडून चोपून घ्या, साण्याच्या (छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या) कडेला उंचवटा करा. टाकीसाठी पुढच्या पडवीवर किंवा गोठ्यावर पत्रे घातले तरी २८ चौरस मीटर भरतात.

---

तात्या_धारूरकर | ४ एप्रिल, रात्री ९:२०

हे पटलं. गोठ्यावर पत्रा, माणसांवर माळवद. बैल म्हणतील आम्हाला काहून उन्हात!

---

पन्हळ | ४ एप्रिल, रात्री ९:४०

बैलांसाठी पत्र्याखाली तुराट्यांचा तट्ट्या बांधा, बराच फरक पडतो. :)

कामाचं राहिलं होतं. पत्र्याच्या पन्हाळीला १० फुटांना सव्वा इंच उतार द्या. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. चिमण्यांची घाण, धूळ, पाला त्यात असतो. एक मिलिमीटर पाऊस धरला तर २८ चौरस मीटरवर २८ लिटर होतात, तेवढे बाहेर सोडायचे. बरेच जण चार इंची पाइपाचा दीड मीटर उभा तुकडा लावतात. त्यात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात, म्हणजे सगळे मिळून १२. पुरत नाही. त्याऐवजी ५० लिटरचा बंद झाकणाचा प्लास्टिक कॅन जोडा, तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. कॅनच्या तळाला छोटा नळ ठेवा आणि पाऊस उघडला की रिकामा करा. टाकीच्या सांडव्याच्या तोंडाला बारीक नायलॉन जाळी बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होणारच.

---

माथा_ते_पायथा | ५ एप्रिल, सकाळी ६:५०

टाक्या जरूर बांधा. त्यानं माणसांचा घसा ओला राहील, पण जनावरं आणि विहीर दोन्ही बाकी राहतात. विहिरीला वरून खायला घालावं लागेल. विहिरीच्या वरच्या अंगाला किती क्षेत्र आहे, त्यात गायरान किती, वनखात्याचं किती, हे सातबाऱ्यावरून काढा.

सलग समतल चराचं, म्हणजे उतारावर आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चराचं गणित असं. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. एका मीटरमध्ये १८० लिटर मावतात. दोन ओळींत २० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी ५०० मीटर चर होतात, म्हणजे एका भरण्यात ९०,००० लिटर. मोठ्या पावसात ते एकदा भरतात, मुरतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा रिकामे असतात.

चुका होतात त्या आखणीत. डोळ्याच्या अंदाजानं काढलेला चर कधीच समतल नसतो. पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथं भराव फोडतं आणि सगळा डोंगर घळीघळीनं वाहून येतो. पारदर्शक नळीची पाणसळ (पाणी भरून पातळी बघायची नळी) घ्या, त्यातला हवेचा बुडबुडा काढा, दर पाच मीटरवर चुन्याची खूण करा. माती खालच्या अंगाला टाका, चराच्या कडेपासून फूटभर जागा सोडून, म्हणजे ती पुन्हा चरात घसरत नाही. दर १५-२० मीटरला चरात एक आडवी भिंत तशीच न खोदता ठेवा. जेसीबीनं काढू नका. उतारावर त्याच्या चाकोऱ्याच ओहोळ होतात. आणि हे काम माथ्यापासून खाली यायचं. खालचा सिमेंट बंधारा आधी बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो.

---

खडकाळीवाला | ५ एप्रिल, सकाळी ८:३०

मुरूमपारखी, तळाला पहार खणखणीत वाजते. खडक काळाभोर, भेग दिसत नाही. पूर्वेकडून (दरी पश्चिमेला) साधारण २५ फुटांवर ओलावा असतो, जानेवारीपर्यंत तिथून पाझर येतो.

---

मुरूमपारखी | ५ एप्रिल, सकाळी ९:१०

मग विहीर खोल करायचा विषय बंद करा, तो खर्च वाचला. २५ फुटांवरचा ओला पट्टा हाच तुमचा झरा. त्या पातळीवर पूर्वेच्या बाजूला दोन किंवा तीन आडवे बोअर घ्या. तोंड किंचित खाली ठेवा, म्हणजे पाणी विहिरीकडे वाहील. मशीनवाला चारी दिशांना मारू म्हणेल, कारण त्याला फुटावर पैसे मिळतात. पश्चिमेला एकही मारू देऊ नका. दरीकडं भोक पाडलं तर आलेलं पाणी त्याच वाटेनं निघून जाईल. पश्चिमेच्या भिंतीत भेगा दिसत असतील तर त्या सिमेंटच्या मसाल्यानं भरून घ्या, हे काम विहिरीचं पाणी तळाला असताना, म्हणजे याच महिन्यात होण्यासारखं आहे. आणि चर कुठे काढायचे तेही यातून ठरलं : पूर्वेच्या चढावर.

---

सीताफळ_बाग | ५ एप्रिल, सकाळी ११:००

चराच्या भरावावर सीताफळ लावा. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, त्यामुळे दीडशे शेळ्यांच्या वाडीतही ते जगतं. मुरमाड, उथळ जमीन त्याला चालते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, रोपं आणि सल्ला तिथून घ्या. ५ × ५ मीटर अंतर धरलं तर हेक्टरी ४०० झाडं. बी लावायचं तर रात्रभर भिजवून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. अडचण एकच : फळ झाडावरून उतरल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडतं. घाटरस्ता खराब असेल तर बाजारात पोचेपर्यंत लगदा होतो. फळावरचे डोळे उघडायला लागले की, पण फळ कडक असतानाच तोडा, आणि क्रेटमध्ये गवत अंथरून भरा.

---

गोदाकाठ | ५ एप्रिल, दुपारी १२:१५

चराईबंदी केल्याशिवाय नुसत्या सीताफळानं भागेल का? आणि शेळ्या कुठे नेतील?

---

माथा_ते_पायथा | ५ एप्रिल, दुपारी १:००

सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही. तीन भाग करा, एक बंद, दोन मोकळे. बंद भागात पावसाळ्यात भरावावर मारवेल आणि स्टायलोचं बी टाका, आणि ते गवत कापून न्यायला परवानगी ठेवा. शेळीवाल्यांना विश्वासात न घेता केलेली बंदी एका हंगामात मोडते. त्यांची घरं भूमिहीन असतात, शेळी हीच त्यांची बँक. ग्रामसभेत पहिला शब्द त्यांचा असावा.

---

प्राथमिक_केंद्र | ५ एप्रिल, दुपारी ३:३०

चर खोदणाऱ्यांसाठी तातडीची सूचना. एप्रिल-मेमध्ये अशा खडकाळ उतारावर दगडाखाली फुरसं (छोटा विषारी साप) असतं. दगड हातानं उचलू नका, आधी पहारीनं उलटवा. पायात बूट घाला. चावलंच तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हालचाल थांबवा, अंगठ्या-कडी काढा, १०८ ला फोन करा आणि रेंज नसेल तर खाटेवर किंवा गाडीवर घालून निघा. फुरसं आणि घोणस यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवून बघतात. गोठलं नाही तर प्रतिविष सुरू करतात. हिरड्यांतून रक्त यायला काही तास लागू शकतात, म्हणून "काही झालं नाही" म्हणून घरी थांबू नका. कामाच्या जागी एक गाडी उभी ठेवणं ही ग्रामरोजगार सेवकाशी बोलून ठरवायची गोष्ट आहे.

दुसरं, टँकरच्या पाण्याचं. १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर). तुमच्या विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाणी २ मीटर धरलं तर ३.१४ × ३ × ३ × २ म्हणजे ५६,५०० लिटर, पावडर सुमारे २८० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, गाळ टाकून द्या. तासभर कुणी पाणी भरू नये. मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी), पिवळा रंग आला म्हणजे ठीक. टीसीएलची पिशवी उघडी राहिली तर दमटपणानं क्लोरीन उडून जातो, नुसता चुना उरतो.

---

कोयताबंद | ५ एप्रिल, सायंकाळी ५:००

टँकर विहिरीत ओतूच नका. उन्हाळ्यात विहिरीभोवतीचा खडक कोरडा असतो, ओतलेलं पाणी मुरूमपारखींनी सांगितलेल्या भेगांतून खाली जातं. शिवाय ते शेंदताना पोरी काठावरून तोल जाऊन पडतात. ५,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या ओट्यावर बसवा, खाली सहा नळ. दहा हजार लिटरचा टँकर मावतो आणि एप्रिलच्या ८,०५० लिटरच्या गरजेला दिवसाआड नाही, रोज एक खेप लागते हेही उघड दिसतं.

---

पांढरीची_लेक | ५ एप्रिल, सायंकाळी ६:२०

आणि हातपंप चालतो त्या बोअरवर सौर दुहेरी पंप बसतो. त्याच बोअरमध्ये हातपंपही राहतो आणि सौर मोटारही, पाणी वरच्या टाकीत चढतं. फेब्रुवारीपर्यंत का होईना, त्या सात खेपा वाचतील. भूजल यंत्रणेकडे पाहणीचा अर्ज देताना याचीही चौकशी करा.

---

खडकाळीवाला | ६ एप्रिल, सकाळी ७:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रामसभेत ठेवायचा क्रम असा लिहिला आहे. एप्रिलमध्येच पश्चिमेच्या भेगा बुजवणं आणि पूर्वेला आडवे बोअर. मेमध्ये, माणसं परतलेली असताना, रोजगार हमीतून पूर्वेच्या चढावर चर, एक तृतीयांश भागात. टँकरसाठी दोन टाक्या लगेच. मृगाआधी गोठ्यांवर पन्हाळी. फेरोसिमेंटच्या टाक्या या वर्षी विधवा आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या दहा घरांना, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. नवं उभं बोअर रद्द. काही चुकलं असेल तर सांगा.

---

पन्हळ | ६ एप्रिल, सकाळी ७:५०

दहा घरांच्या टाक्यांना पाणी मारायचं काम दोन माणसांच्या नावानं लिहून ठेवा, रोजंदारीसकट. टाक्या नोव्हेंबरमध्ये होतील, तेव्हा पाऊस संपलेला असेल. पहिल्या वर्षी त्या विहिरीच्या पाण्यानं निम्म्या भरून ठेवा.

---

मुरूमपारखी | ६ एप्रिल, सकाळी ८:२०

क्रम बरोबर आहे. एक काम आजच सुरू करा, त्याला पैसा लागत नाही. विहिरीच्या आतल्या भिंतीवर तळापासून फुटाफुटावर पांढऱ्या रंगाच्या खुणा करा आणि दर सोमवारी पाण्याची पातळी वहीत लिहा. सकाळी, पाणी भरायला सुरुवात व्हायच्या आधी. शेंदल्यानंतर मोजलं तर आकडा खोटा येतो. शाळेतली सातवी-आठवीची पोरं हे उत्तम करतील. पुढच्या फेब्रुवारीत या वर्षीच्या आकड्याशेजारी तो आकडा मांडला की आडवे बोअर किती फूट कामाला आले ते कळेल.

---

खडकाळीवाला | ६ एप्रिल, सकाळी ८:४०

रंगाचा डबा मिळाला. सोमवारी पहिला आकडा इथेच लिहितो.